शेवाळाची साठ वर्षं

लोहितनगरच्या शाळेच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी दोन काचपात्रं शेजारी शेजारी ठेवली होती. दोन्हींत हिरवं शेवाळ, दोन्हींवर सारखाच दिवा. मंगळावरच्या या वसाहतीला पुढच्या महिन्यात साठ वर्षं पुरी होणार होती. नववीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा राहणार की जाणार, हे त्याआधी या दोन पात्रांवर ठरायचं होतं.

धडा राहावा म्हणून जीवशास्त्राच्या उर्मिला टिपणीस उभ्या ठाकल्या होत्या. बावीस वर्षं त्या तो शिकवत होत्या. समोर धडा काढून टाकायचा ठराव घेऊन शिक्षण मंडळाचे अध्यक्ष भालचंद्र केळुसकर होते. माणूस सज्जन, पण संस्थापकांविषयी एक शब्द वावगा खपवून न घेणारा.

"बाई, पृथ्वीवर काय घडलं ते पृथ्वीवाल्यांनी शिकवावं," ते म्हणाले. "इथला गहू, इथली मधमाशी, हौदातलं शेवाळ, सगळं संस्थापकांनी आराखडा काढून घडवलं. इथे निर्मिती झाली. मुलांना तेच शिकवा."

"घडवलं, हे मलाही मान्य आहे," बाई म्हणाल्या. "घडवल्यावर ते तसंच राहिलं का, एवढंच मी तपासलंय."

एका पात्रातलं शेवाळ शीतकोशातलं होतं, साठ वर्षं गोठवून ठेवलेलं, अगदी मूळ. त्याची मोहोरबंद कुपी दहा दिवसांपूर्वी केळुसकरांनी स्वतःच्या हाताने उघडली होती. दुसऱ्यातलं शेवाळ हरितहौदातून आणलेलं. वसाहतीला लागणारा सगळा प्राणवायू याच हौदांतून यायचा. दहा दिवस मोजमाप केलं ते नववीच्या वर्गाने.

त्या वर्गातल्या शर्वाणी मोहितेने आकडे वाचले. "पाणी तेच, प्रकाश तोच. मूळ शेवाळ दिवसाला शंभर माप प्राणवायू देतं. आजचं एकशे ऐंशी."

वायुकेंद्राचे प्रमुख यासिनभाई मुजावर खुर्चीत पुढे सरकले. "बाई, हे झालं कसं?"

"तुम्ही हौदातून रोज थोडं शेवाळ काढून टाकता ना?"

"काढावंच लागतं. नाहीतर हौद तुंबतील."

"पेशी दुभंगते तेव्हा स्वतःची नक्कल करते. नकलेत कधी चूक होते. बहुतेक चुका वाया जातात, पण एखादीमुळे पेशी जरा जास्त वेगाने वाढते आणि प्राणवायूही जास्त देते. तुम्ही रोज उपसता, तेव्हा हळू वाढणाऱ्या मागे पडत जातात. साठ वर्षांत अशा वीस हजार पिढ्या झाल्या, यासिनभाई."

केळुसकर डगमगले नाहीत. "म्हणजे मूळ रचना बिघडली. मग आमचा दुसरा ठराव योग्यच आहे. वर्धापनदिनी हौद रिकामे करायचे आणि संस्थापकांचं शुद्ध शेवाळ भरायचं."

यासिनभाईंनी भिंतीवरच्या पडद्यावर हौदांचा जुना आराखडा उघडला. खालच्या कोपऱ्यातली ओळ त्यांनी दोनदा वाचली. त्यांचा चेहरा उतरला.

"हौद अठराशे माणसांसाठी बांधलेत," ते म्हणाले. "त्यानंतर एकही नवा हौद बांधलेला नाही. आज आपण एकतीसशे आहोत. आम्हाला वाटायचं, संस्थापकांनीच मुळात हौद गरजेपेक्षा मोठे बांधले असतील. केळुसकरसाहेब, मूळ शेवाळ भरलं तर तेराशे माणसांना हवा उरणार नाही."

हे बाईंनाही नवीन होतं. त्या धडा वाचवायला आल्या होत्या. माणसं वाचवायची आहेत, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

केळुसकरांनी कपाळ पुसलं. मग ते सावरून म्हणाले, "म्हणजे आपली गरज वाढली, तसं शेवाळ आपल्यासाठी बदलत गेलं. हीही संस्थापकांचीच योजना."

ठराव मागे पडतोय, एवढ्यानेच बाईंना हायसं वाटलं होतं. "तसं म्हणा हवं तर," त्या म्हणाल्या.

"नाही बाई," शर्वाणी म्हणाली. "तसं नाही म्हणता येणार."

सगळे तिच्याकडे वळले.

"शेवाळाला आपली गरज कुठे ठाऊक होती? आपण असतो काय, नसतो काय, उपसा चालू असता तर ते असंच वाढलं असतं. उलट, यासिनकाका, मूल होऊ द्यायची परवानगी कधी मिळते?"

"प्राणवायू शिल्लक दिसला की," यासिनभाई सावकाश म्हणाले. "माझ्याच मापकावर ठरतं ते."

"म्हणजे माणसं वाढली म्हणून हवा वाढली नाही. हवा वाढली म्हणून माणसं वाढली." तिने मागे बसलेल्या वर्गाकडे पाहिलं. "संस्थापकांच्या आराखड्यात आम्हाला जागाच नव्हती. आम्ही नकलेतल्या त्या चुकांमुळे जन्मलो."

बावीस वर्षांत हा धडा शिकवताना बाईंची चूक कुणी सुधारली नव्हती. त्यांचा ऊर भरून आला. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

केळुसकरांनी समोरचे दोन्ही ठराव उचलले आणि घडी करून खिशात घातले. त्यांचा आवाज खाली आला होता. "पोरी, माझ्या दोन नाती बालवाडीत आहेत. त्याही यातच आल्या, नाही का?" ते पुढच्या बाकावर बसले. "पहिल्यापासून सांग. हळूहळू."

बाईंनी फळ्याची लेखणी शर्वाणीच्या हातात दिली आणि त्या केळुसकरांच्या शेजारी जाऊन बसल्या.