मांडवाच्या पडद्यावरचं फूल

लाईट यायला अजून अवकाश आहे, बसा निवांत. ऋतिक, पाय ट्रॉलीच्या वर घे. परवा याच बांधावरून बिबट्या गेलाय आणि तुला मात्र पाय हलवल्याशिवाय करमत नाही.

मघाशी तू स्वराजला काय सांगत होतास? फोनवर फोटो काढला की घरच्या लॅपटॉपवर आपोआप जातो, आणि इथून पुसला की तिथूनही जातो, असंच ना? तुला ते लई नवीन वाटतंय. आमच्या पिंपळवंडीत सयाजी हे वीसेक वर्षांपूर्वी करायचा, तेही हातानं. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. माझ्या शेजारीच राहायचा. ऐका, मोटार चालू होईपर्यंत होईल सांगून.

सयाजी फोटोवाला. एक दुकान मंचरला, दुसरं नारायणगावात. लग्नं, बारशी सगळीच करायचा, पण दशक्रियेच्या फोटोत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कुणाची म्हातारी जायची आणि घरात तिचा एकटीचा फोटो नसायचा. कुठल्या तरी पुतण्याच्या लग्नात मागच्या रांगेत उभी असायची. सयाजी तिला तिथून अलगद उचलायचा, मागं निळं आभाळ लावायचा आणि फ्रेम तयार. नको झालेलं माणूस फोटोतून काढायलाही लोक त्याच्याकडेच यायचे. भाऊबंदकी झाली, काढा चुलत्याला. मग चुलत्याच्या जागी तो मांडवाचा पडदा भरायचा. लाल पडदा, त्यावर पिवळं फूल. तेच फूल शेजारी शेजारी दोनदा यायचं, एवढीच काय ती खूण. बाकी कुणाच्या बापाला कळायचं नाही.

तर त्याचे कॉम्प्युटर तीन. दोन्ही दुकानांत एकेक आणि एक घरी. चोरी झाली, आग लागली, तरी लोकांची लग्नं बुडायला नकोत म्हणून तिन्हीकडे सारखेच फोटो ठेवायचा. तेव्हा आपल्याकडे नेट कसलं आलंय! विटेएवढी एक काळी हार्डडिस्क होती. ती पिशवीत घालून मोटारसायकलवर रोज मंचर, मग नारायणगाव, मग घर. जोडली की नवीन असेल ते चढायचं आणि एका ठिकाणी पुसलेलं बाकीकडेही पुसलं जायचं. सिंक म्हणायचा तो त्याला. मला मोठ्या ऐटीत सांगायचा, "गेणभाऊ, माझ्याकडं येका जागी पुसलं म्हंजी जगातनं पुसलं."

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी मंचरच्या दुकानात भिमाजीशेठ आला. बेल्ह्याच्या पलीकडचा, बैलांचा बडा व्यापारी. त्याच्या पोराचं लग्न दोन वर्षांपूर्वी सयाजीनंच काढलं होतं. सून जया, भीमाशंकरच्या अलीकडच्या एका वाडीतली, बापाविना वाढलेली. आई तेवढी होती, अंबाबाई. शेठनं लग्नाचा अल्बम टेबलावर ठेवला.

"ह्यातनं सून काढा. पोराला स्थळ बघायचंय. आन मूळ फोटू बी ठिवू नका."

"सूनबाई कुठं हायेत?" सयाजीनं विचारलं.

"घरी हाय."

घरी आहे म्हणाला. सयाजीनं पुढं काही विचारलं नाही. शेठच्या सोयऱ्याधायऱ्यांतली सगळी लग्नं त्याच्याकडे असायची, तो कशाला विचारतोय? त्याच बैठकीला त्यानं जयाला पोराच्या शेजारून काढली, सासू-नणंदांच्या मधून काढली, पडदा भरला, आणि मूळचे फोटो पुसून टाकले. संध्याकाळी डिस्क नारायणगावात जोडली, तिथूनही ती गेली.

तिसऱ्या दिवशी जया सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणाले, कागदावरही तसंच आलं. सयाजीला ठाऊक होतं की ती जिवंत असतानाच तिला पुसून घेतलं गेलंय. तो गप्प बसला. मला कुणी इचारलं का, म्हणायचा. आणि खरंच, त्याला कुणी विचारलं नाही.

आता ती रात्र. दोन हजार सात साल, कार्तिकातली अवस, रविवार. मी तेव्हा वडापची जीप चालवायचो, स्टँडवरून शिटा भरून. दिवसभराच्या फेऱ्या आटपून सयाजीच्या नारायणगावच्या दुकानात चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात अंबाबाई आली. डोंगरातून दोन एसटी बदलून आलेली, पायाला नुसती माती.

"भाऊ, माझ्या जयाचा येक फोटू द्या."

"अल्बम तिच्या सासरी हाय आजी. तिथं मागा."

"तिथं दारात उभं करीना झाल्यात. आमच्या घरात तिचा फोटूच न्हाई वो. आता तिचं त्वांड मला सपनात बी नीट येईना झालंय."

"आमच्याकडं बी न्हाई. तिन्ही मशीनीतनं पुसलंय."

"नवरीचा नसला तरी चालंल. कुठं कोपऱ्यात उभी असंल, पाठमोरी असंल…"

"न्हाई म्हनलं ना."

ती म्हणाली, "पुसलं म्हंजी कसं पुसलं, भाऊ? माणूस हाय ना ते." सयाजी मान वर न करता कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो कापत राहिला. ती गेली स्टँडवर. तिच्या वाटेची शेवटची गाडी कधीच निघून गेली होती.

ती गेल्यावर सयाजी हसला. "घरच्यात असंल ती, गेणभाऊ. घरचा कॉम्प्युटर पुन्याला रिपेरीला व्हता, कालच आलाय. त्याला ठावंच न्हाई तिला पुसल्यालं."

मी म्हटलं, "मग दे की येक. म्हातारी स्टँडवरच असंल."

"आन फोटू घिऊन ती चौकीत गेली म्हंजी? शेठच्या घरचं दुसरं लगीन बी आपल्याकडंच हाय. आज घरी गेलो की तेवढं उरकून टाकतो."

असं म्हणून त्यानं डिस्क पिशवीत टाकली, शटर ओढलं आणि मोटारसायकलला किक मारली. स्टँडवरून जाताना त्याला ती दिसलीही. बाकावर पदर तोंडावर घेऊन आडवी झालेली. हे त्यानंच मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. पुढचंही त्यानंच सांगितलं, जसं सांगितलं तसंच सांगतो.

घरी बायको सरू आणि पाच वर्षांची समृद्धी, दोघी आतल्या खोलीत झोपलेल्या. सयाजी झाकून ठेवलेलं जेवला आणि कॉम्प्युटरपुढं बसला. डिस्क जोडली. इथं जास्तीचे फोटो आहेत, पुसू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. त्यानं हो केलं.

एकेक फोटो समोर येऊन जाऊ लागला. हळदीतली जया. मुंडावळ्या बांधलेली जया. मैत्रिणी काहीतरी बोलल्या म्हणून तोंडावर हात धरलेली जया. शेवटचा फोटो पाठवणीचा, आईच्या गळ्यात पडलेली. तो दिसला तेव्हा आपला हात थांबवायच्या बटणाकडे गेला होता, असं तो म्हणाला. खरं-खोटं त्यालाच माहीत. तोही फोटो गेला.

आता थांबायला हवं होतं. थांबलं नाही.

पुढचा फोटो आला. समृद्धीच्या बारशाचा. पाळणा, पाळण्याशी सरू, आत्या… आणि पाळण्यात पडदा. लाल पडदा. पिवळं फूल, दोनदा.

बारसं त्याच्या घरात झालं होतं. तिथं कसला मांडव?

दुसरा आला. समृद्धी पहिल्यांदा उभी राहिली तो. भिंत धरलेली… नुसती भिंत. आणि गुडघाभर उंचीचा पडदा.

तिसरा. पडदा.

चौथा…

त्यानं वायर ओढली. थांबेना. बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. स्क्रीन काळी झाली. पण आतलं चाक फिरतंय. खर्र… खर्र… त्यानं डिस्क उचलून कानाशी नेली. सुटी डिस्क. वायर खाली लोंबतेय. आणि आत… खर्र… खर्र…

बराच वेळ.

मग थांबलं.

तो आत धावला. समृद्धी गाढ झोपली होती. त्यानं तिच्या नाकापुढं हात धरला. श्वास चालू होता.

सकाळी तो माझ्या दारात उभा. मला ओढतच नेलं. पोर अंगणात तुळशीपाशी उभी, दिवाळीला घेतलेला पिवळा फ्रॉक घातलेली, माझ्याकडे बघून हसली. सयाजीनं माझ्यादेखत तिचा फोटो काढला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. मी पाहिलं. तुळस होती. मागची भिंत होती, दोरीवरचे कपडे होते. पोरीच्या जागी पडदा.

"गेणभाऊ," तो म्हणाला, "जयाला पुसली, त्याच्या तिसऱ्या दिशी…"



त्यानं विहिरीवर फळ्या टाकल्या, वर पत्रे, पत्र्यांवर दगड. स्वतः त्याच्यावर जाऊन बसला. दुकानं बंद. जेवण तिथंच, झोप नाहीच. कुणाला विहिरीजवळ फिरकू देईना. सरूला वाटलं नवऱ्याचं डोकं फिरलं. मला राग होता त्याचा, म्हातारीला तसं हाकललं म्हणून, पण त्या दोन रात्री मी त्याच्यासोबत बॅटरी घेऊन बसलो. शेजारीच तो माझा.

आपल्याकडे तेव्हा शेततळी नवीनच होती. पलीकडच्या वावरात एकानं नुकतंच केलं होतं, प्लास्टिकचा कागद टाकून. त्या कागदावर मोठ्या माणसाचा पाय ठरत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सरू भांडी घासत होती, पोर तिच्या पाठीशी खेळत होती… सरूनं मागं वळून पाहिलं…

सयाजी विहिरीवर बसून होता.

दहाव्याला घाटावर सगळं गाव होतं. दोन तालुक्यांच्या मेलेल्यांना ज्यानं फोटो दिले, त्याच्या पोरीचा फोटो नव्हता. दुकानांतल्या कॉम्प्युटरवरही तिच्या जागी पडदाच निघाला होता, आणि कागदावर त्यानं कधी काढलाच नव्हता. सरू मागायची तेव्हा म्हणायचा, कॉम्प्युटरात हायेत की. पाटावर फूल ठेवलं आणि नमस्कार केला लोकांनी. मी खूप दहावे पाहिले, तसा नाही पाहिला.

त्यानंतर तो मला म्हणाला, "अंबाबाईकडं चल." मी जीप काढली. घोडेगाव, डिंभं, मग वर डोंगरात. सयाजी सबंध वाटेत कॅमेरा मांडीवर धरून होता, सवयीनं.

अंबाबाई दारातच नाचणी पाखडत होती. आम्हाला पाहिलं आणि सूप टाकून उठली. सयाजीच्या पायाशी वाकायला लागली, मी धरलं तिला.

"लई उपकार झालं भाऊ. तोंडानं न्हाई म्हनला, पर ठिवून गेलासा. स्टँडवर माझा डोळा लागला व्हता. जाग आली तवा उशाच्या पिशवीत ह्यो."

तिनं आत बोट केलं.

भिंतीवर फ्रेम होती. झेंडूचा ताजा हार. नवरीच्या वेषात जया, पाटावर बसलेली, सरळ आपल्याकडे बघणारी. तिच्या मांडीवर पोर. पिवळा फ्रॉक घातलेली. तुळशीपाशी माझ्याकडे बघून हसली होती, तशीच हसत असलेली.

जयाच्या लग्नाला दोन वर्षं झालेली. फ्रॉक त्या दिवाळीचा.

"हे लेकरू कुनाचं, ते तेवढं वळखू येईना," अंबाबाई म्हणाली. "आमच्या सोयऱ्यांत न्हाई असं कुनी."

सयाजी खाली बसला.

"माझं हाय," तो म्हणाला.

अंबाबाईनं त्याच्या डोक्याकडे पाहिलं. मुंडण केलेलं होतं.

"आजी, ह्यो मला द्या. माझ्याकडं तिचा येक बी न्हाई. अर्धा कापून दिला तरी चालंल. निस्तं त्वांड दिलं तरी…"

तिनं भिंतीवरची फ्रेम काढली. मला वाटलं देते. तिनं पदरानं काच पुसली, दोघींच्या तोंडावरून एकेकदा, आणि परत खिळ्याला लावली.

"तुमच्याकडं तीन-तीन मशीनी हायेत, भाऊ. माझ्याकडं ह्यो येकच हाय."

रागानं म्हणाली नाही. तेच जास्त लागलं.

मग सयाजीनं विचारलं, ह्याचाच फोटू काढून घिऊ का. ती म्हणाली, "घ्या की. त्याला कशाला न्हाई म्हनू?" त्यानं काढला.

जीपमध्ये बसल्यावर त्यानं कॅमेऱ्यात पाहिलं. पाहिलं आणि माझ्याकडे दिला.

फ्रेम आली होती. हार आला होता, खिळासुद्धा आला होता. जया स्वच्छ, मघासारखीच सरळ बघणारी. मांडीवर लाल पडदा, बेमालूम भरलेला, आणि पिवळं फूल शेजारी शेजारी दोनदा. असलं सफाईचं काम आमच्या दोन्ही तालुक्यांत एकाच माणसाच्या हातचं होतं, आणि तो माझ्या शेजारी बसून रडत होता.