फलाट तीन, पुढं व्हा

पौर्णिमाला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचे फक्त पाय दिसले. शिडीच्या चौथ्या पायरीवर टेकलेले, घोट्यापर्यंत निळ्या रंगाचे शिंतोडे उडालेले. बाकीचा माणूस चौकशीच्या खिडकीच्या वर होता, भिंतीवरचा वेळापत्रकाचा फलक नव्याने रंगवत. आणि वरून आवाज आला—

"मॅडम, लातूरच्या सव्वादहानंतर कोणती?"

आवाज थोडा घोगरा होता. 'लातूर'मधला 'ला' तो किंचित लांबवत होता, जणू गावाला जायची त्याला अजिबात घाई नव्हती. पौर्णिमाच्या हातातला माईक तसाच राहिला.

कळंबच्या बसस्थानकावर ती कंत्राटावर लागून दोन वर्षं झाली होती. गाड्या पुकारायच्या, चौकशीला उत्तरं द्यायची. सगळ्या गाड्यांच्या वेळा तिला तोंडपाठ होत्या, पण पाढ्यासारख्या. मधलंच एखादं विचारलं की अडायची. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून एका चालीत म्हणत यावं लागायचं. स्थानकाच्या साहेबांनी रंगाऱ्याला दिलेल्या कागदावर इतकी खाडाखोड होती, की "पौर्णिमाला विचारून घे" म्हणून ते मोकळे झाले होते.

मग ती म्हणत आली— बार्शी, केज, ढोकीमार्गे धाराशिव, अंबाजोगाई... आणि लातूरच्या पुढची गाडी सांगून थांबली.

"लई गोड म्हणता," वरून आवाज आला, "पण मला एकबी राहिलं न्हाय. जरा लिहून देता का?"

तेर गावचा हा रंगारी, प्रेमानंद, असा होता. ऐकलेलं त्याच्या डोक्यात ठरत नसे, आणि बघितलेलं जात नसे. दुपारी चहाचा कप घेऊन तो खिडकीच्या जाळीशी उभा राहायचा आणि तिला तिच्याच गोष्टी सांगायचा. पहिल्या दिवशी तिची ओढणी मोरपंखी होती, टोकाला शाईचा टिपका होता. गाडी उशिरा येणार असली की पुकारायच्या आधी ती डाव्या हाताने कानातलं फिरवते. पौर्णिमाला हसू यायचं. इतक्या बारकाईनं तिच्याकडं आजवर कोणी बघितलं नव्हतं.

"आन तुम्ही काय बघितलं माझं?" एकदा त्यानं विचारलं.

"मी... ऐकलं." ती म्हणाली. "तुम्ही शिडी चढताना गुणगुणता आन रंगाचा डबा उघडला की थांबता. खोटं बोलायचं असलं की आधी घसा खाकरता."

"मी कधी खोटं बोललो?"

"काल. चहा आवडला म्हणालात."

तो खळखळून हसला. ते हसणं ती घरी घेऊन गेली, भाकरी थापताना, आई बनाबाईच्या पायाला तेल लावताना ऐकत राहिली.

तोंड मात्र तिला नेता आलं नाही. ऐकताना मान खाली घालायची तिची जुनी सवय, त्यात त्याच्या पाठीमागून जाळीवर येणारं ऊन. आणि खरं सांगायचं तर तिला माणसांची तोंडं लक्षात राहायचीच नाहीत. स्वतःच्या आईलाही ती गर्दीत खोकण्यावरून शोधायची. दाढी आहे एवढं तिला माहीत होतं. दहा दिवसांत ते एवढंच.

दहाव्या दिवशी फलक पुरा झाला. शिडी उतरून तो जाळीशी आला आणि हातावरचा रंग पुसत राहिला. मग म्हणाला, पुण्याला चुलतभावाचं फलक छापायचं दुकान आहे, बोलावतोय कायमचं. इकडं हातानं रंगवायचं काम आता फार राहिलं नाही. जावं का राहावं, समजत नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

पौर्णिमानं तोंड उघडलं, पण त्यानं हात वर केला.

"आत्ता न्हाय. आन तोंडी तर न्हायच— मला तोंडी सांगितलेलं राहत न्हाय. परवा येतो. तुमच्या तोंडाकडं बघूनच कळंल मला."

तो गेला. नंबर द्यायचं त्याला सुचलं नाही आणि मागायचा तिला धीर झाला नाही.

परवाचा दिवस नेमका कोजागिरीच्या आदल्या दिवशीच्या गर्दीचा निघाला. तुळजापूरला जादा गाड्या सोडल्या होत्या. खिडकीपुढं माणसांचा नुसता लोंढा, आणि पौर्णिमाचे कान त्या सगळ्या गलक्यात एकच आवाज धुंडाळत होते. कोणी 'लातूर' म्हटलं की ती दचकून बघायची. गाडी एक आणि फलाट दुसरा असं तिनं दोनदा पुकारलं, साहेब दोनदा ओरडले. संध्याकाळ झाली. आवाज आलाच नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिला जेवण जाईना, झोप येईना. तिनं डोळे मिटून त्याचं तोंड आठवायचा प्रयत्न केला— नाक कसं? भुवया? काहीच नाही. हसणं मात्र हुबेहूब ऐकू यायचं, आणि त्यामुळं जास्तच त्रास व्हायचा. वडील तात्यारावांनी दोनदा विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, गर्दीनं डोकं दुखतंय.

चौथ्या दिवशी दुपारी नागम्मा खिडकीशी आली. स्थानकाच्या दारात पेरू विकणारी ही बाई अख्ख्या तालुक्याला तोंडानं ओळखायची.

"त्या रंगाऱ्याला काय बोललीस ग तू? चार दिस झाले, पोरगं तोंड पाडून फिरतंय."

"तो आलाच न्हाय मावशी."

"आला न्हाय कसा? त्या गर्दीच्या दिवशी रांगेत उभा होता की. दाढी काढून, नवा शर्ट घालून. तुझ्यापुढं आला, एक शब्द बोलला न्हाय, नुसता हसत बघत राहिला. आन तू म्हणालीस, तुळजापूर ना? फलाट तीन, पुढं व्हा."

तिनं त्या दिवशी हे वाक्य शंभरदा म्हटलं असेल. त्या शंभरातलं एक त्याला. तो उत्तर तोंडावर वाचायला आला होता, आणि तिच्या तोंडावर त्याला अनोळखी माणूस बघितल्याचा कंटाळा दिसला होता.

"कुठाय तो आता?"

"बसला की दोनच्या पुण्याच्या गाडीत. बॅग घेऊन."

"शर्ट कोणता?"

"शर्ट कोण बघतंय बाई? मी तोंड बघते."

दोनला चार मिनिटं होती. पौर्णिमानं माईक टेबलावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ड्युटीवरची खिडकी सोडून धावली.

गाडी भरलेली होती. दाढी नसलेले तरुण तरी पंधरा-वीस. नावानं हाक मारावी तर अर्धं कळंब त्या गाडीत बसलेलं. दिवेलागणीच्या आत तात्यारावांच्या कानावर गेलं असतं. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं, तेवढाच आधार. पहिल्या सीटपासून तिनं सुरुवात केली. मान खाली, कान उघडे.

"कुठं उतरणार?"

"स्वारगेट."

हा नाही.

"बार्शी." हाही नाही. "टेंभुर्णी." "हडपसर, का हो?" एकजण म्हणाला, ताई, तिकीट काढलंय की. ती पुढं सरकत राहिली. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, त्या घरघरीत आवाज नीट ऐकू येईनात. ऐकण्यातच आपण चुकलो तर, असं तिला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.

मागून दुसऱ्या सीटवर खिडकीशी एकजण बाहेर बघत होता.

"कुठं उतरणार?"

त्यानं न वळता खिशातून तिकीट काढलं आणि तिच्यापुढं धरलं.

सांगण्यापेक्षा दाखवणं ज्याला सोपं वाटतं, असा माणूस पौर्णिमाच्या ओळखीत एकच होता. तिनं मान वर केली. सावळं तोंड, नुकती दाढी काढल्यामुळं जरा उजळ हनुवटी, लाल झालेले डोळे. देखणा होता. दहा दिवस आपण हे सोडून घोट्यावरचे शिंतोडे बघत बसलो.

"बोला ना," ती म्हणाली.

"तुम्हीच म्हणालात, पुढं व्हा."

तो आवाज ऐकला आणि तिचे डोळे भरून आले. कोणी बघतंय का, हे बघायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

"मी ओळखलं न्हाय तुम्हाला. आईशपथ. मला तोंड राहतच न्हाय कुणाचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी तुमचा आवाज शोधत होते... आन तुम्ही एक शब्दबी बोलला न्हाय."

तो वळून तिच्याकडं बघत राहिला.

"एवढी जवळ बसून दहा दिवस... माझं तोंड तुम्हाला ठाऊकच न्हाय?"

"न्हाय. एकदा बघून राहत न्हाय मला. रोज बघावं लागंल." तिचा आवाज चिरकला. "रोज म्हणजे... लई वर्षं."

पुढच्या सीटवरच्या आजीबाई सरळ मागं वळून बसल्या. कंडक्टरनं घंटीच्या दोरीवरचा हात काढला.

"ताई, तुम्ही उतरताय का पुण्याला येताय?"

लाजून मान खाली जात होती, तिनं ती नेटानं वर धरली. त्याला जे वाचायचं होतं ते वाचू दिलं, सगळं, ओल्या डोळ्यांसकट. तो सावकाश वाचत होता. मग तो उठला आणि वरच्या फळीवरून बॅग काढली.

दोघं खाली उतरली. पुण्याची गाडी निघाली तेव्हा तिच्या खिडक्या-खिडक्यांतून तोंडं बाहेर आली होती. त्यांतली कोणती तात्यारावांच्या ओळखीची होती हे पौर्णिमाला ओळखू येणं शक्यच नव्हतं. तिनं ठरवलं, घरी गेल्या गेल्या आपणच सांगायचं.