विहिरीची रेषा

"तीनशे बत्तीस!" संपदा ओरडली.

"काहीतरीच! तीनशे वीस यायला हवं," फर्डिनंड म्हणाला. "जितेश, तू टेप नीट धरलास का?"

"ए, माझ्यावर नको हां! मी तर टेपला हातच लावला नाही!" विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेला जितेश जांभई देत म्हणाला.

"तेच तर! हात लावायचं काम तुझं होतं!"

पुन्हा मोजलं. दोरीला बांधलेला दगड पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडला, कठड्याशी दोरीवर खूण केली, दोरी वर ओढून शिलाईच्या टेपने मोजली. तीनशे बत्तीस सेंटिमीटरच.

१९९६ सालचा मे महिना. संपदा आणि फर्डिनंड वसईजवळच्या पापडीला शेजारी शेजारी राहायची. दोघांच्या वाड्यांच्या हद्दीवर एक जुनी विहीर होती आणि दोन्ही घरं तिचंच पाणी वापरायची. त्यांचा मित्र जितेश विरारच्या फ्लॅटमधून बसने यायचा. तिघं नववीत जाणार होती. शाळेने भर सुट्टीत, दुपारी एक ते चार, गणिताचे जादा वर्ग ठेवले होते. अख्खी वसई झोपलेली असताना ही मुलं आलेख काढत बसायची.

शिकवणारे शरदचंद्र सर मुलांहून दमलेले. "x ला किंमत द्या, y काढा, बिंदू मांडा, बिंदू जोडा," हे ते अशा आवाजात म्हणत, की मागच्या बाकावरची दोन मुलं रोज झोपी जात. गेल्या शनिवारी जितेशने विचारलं होतं, "सर, हे शिकून करायचं काय?" सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "रोज सारखं वाढतं किंवा घटतं असं काहीतरी शोधा. रोज मोजा आणि आलेख काढा. मग मलाही सांगा."

म्हणून ही विहीर. रविवारी कठड्यापासून पाणी तीनशे सेंटिमीटर खोल होतं. सोमवारी तीनशे चार, मंगळवारी तीनशे आठ. रोज बरोबर चार! आलेख कागदावर बिंदू एका रेषेत शहाण्यासारखे बसत होते. y = 4x + 300. आणि आज शुक्रवारी हा आगाऊ बिंदू रेषेच्या वर उडी मारून बसला होता.

"पाणी एकदम बारा सेंटिमीटर जास्त उतरलं," फर्डिनंड पुटपुटला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी सांगत होतो ना!" संपदाचे बाबा, श्रीरंगकाका, कामावर निघाले होते. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात त्यांची रात्रपाळी असे. डोळे लाल, दाढी वाढलेली. "विहीर आटत चाललीय. कोणीतरी रोज रिक्षा धुतंय!"

फर्डिनंडचा चेहरा उतरला. त्याचे वडील प्लासिड रिक्षा चालवायचे. दोन्ही घरांचं बोलणं महिन्याभरापासून बंद होतं. श्रीरंगकाकांनी आता गवंड्याला सांगितलं होतं. पुढच्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी विहिरीवर जाळी बसणार, जाळीला कुलूप लागणार, आणि किल्ली असणार श्रीरंगकाकांकडे.

"माझे पप्पा दोन बादल्यांत रिक्षा धुतात," काका गेल्यावर फर्डिनंड म्हणाला. "दोन!"

"मला माहीत आहे रे," संपदा हळूच म्हणाली.

त्यांनी मोजणं सोडलं नाही. शनिवारी तीनशे छत्तीस, रविवारी तीनशे चाळीस. पुन्हा रोज चारच! पण बुधवारी परत बाराची उडी.

वर्गात त्यांनी कागद सरांपुढे ठेवला. एका रेषेऐवजी तीन तुकडे झाले होते, एकाच्या वर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. बुधवारच्या उडीनंतर गुरुवारीही पाणी चारच उतरलं होतं.

सर खुर्चीत जरा ताठ बसले. "हे तुकडे एकमेकांना कसे आहेत?"

"समांतर!" संपदा म्हणाली. "म्हणजे चढ तोच. सर, म्हणजे रोजचा वापर अजिबात वाढलेला नाही!"

"मग रोज रिक्षा धुतल्याने काही होत नाहीये!" फर्डिनंड जवळजवळ ओरडला.

"आणि उडी दर पाचव्या दिवशी," जितेश बोटं मोजत म्हणाला. "शुक्रवार, बुधवार... बॉस, पुढची सोमवारी! कधी ते पण कळलं. घरी असतो तर दिसलं असतं, म्हणजे आपण वर्गात असतो तेव्हा. दुपारी!"

"सर, सोमवारी वर्गाला सुट्टी मिळेल?"

सर हसले. मुलांनी त्यांना त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "वर्गातून पळणारे पुष्कळ पाहिले. आलेखासाठी सुट्टी मागणारे तुम्हीच. जा!"

सोमवारी दुपारी तिघं केळीच्या दाटीत लपून बसली. ऊन असं, की कावळासुद्धा ओरडत नव्हता. संपदाची आई मोगरा घेऊन बाजारात गेली होती आणि प्लासिडकाका रिक्षा घेऊन स्टेशनला.

"टँकरवाला असणार, बघ," जितेश कुजबुजला आणि पाचच मिनिटांत घोरायला लागला.

दोन वाजता पावलं वाजली. श्रीरंगकाका! लुंगी सावरत ते विहिरीशी आले, मोटर सुरू केली, पाटाचं तोंड केळीकडे वळवलं. मग आंब्याखालच्या खाटेवर टेकले.

"बाबा केळीला पाणी देतात दर पाच दिवसांनी," संपदा म्हणाली. "पण अर्धाच तास. ते स्वतः सांगतात, म्हणून माझ्या मनातच आलं नाही."

"मग अर्धा तास मोजू," फर्डिनंड म्हणाला. आवाजात धार होती.

पंधरा मिनिटांनी दोरी सोडली. पाणी दोन सेंटिमीटर उतरलं होतं. तीस मिनिटांनी चार. श्रीरंगकाका उठले नाहीत. तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबकळत. पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटले होते.

जितेश पाटाच्या कडेने जाऊन धावत परतला. "केळीची आळी भरून वाहतायत! सगळं पाणी पलीकडच्या नाल्यात चाललंय!"

पंचेचाळीस मिनिटं. सहा.

फर्डिनंडने कागदावर तिसरा बिंदू मांडला. तिन्ही एका सरळ रेषेत. त्याने पट्टी ठेवून रेषा पुढे ओढली. नव्वद मिनिटांवर ती बरोबर बारावर पोचली.

संपदाला रडू येत होतं. महिनाभर आरोप कोणावर, आणि पाणी कोणाचं! हा कागद फाडून टाकावा, असं तिला क्षणभर वाटलं.

"दीड तास होऊ दे," फर्डिनंड म्हणाला. "पुरावा पक्का होईल."

"नको." संपदाने डोळे पुसले. "पुढचं रेषेवरून कळलंच आहे. त्यासाठी आणखी पाणी कशाला घालवायचं?" ती गेली आणि तिने मोटर बंद केली.

एकदम शांतता झाली आणि श्रीरंगकाका दचकून उठले. "काय झालं? वीज गेली?"

"नाही, बाबा. मी बंद केली. पाऊण तास झाला."

तिने कागद पुढे केला. तिने सगळं सांगितलं: पायऱ्या, समांतर तुकडे, पाचवा दिवस, बारा सेंटिमीटर, नाला. काकांनी कागद हातात घेऊन एकेका पायरीवर बोट फिरवलं.

"डोळा लागायचा हे माहीत होतं मला," ते शेवटी म्हणाले. "वाटायचं, दहा मिनिटं लागला असेल. बारा तास उभं राहून येतो गं. कळतच नाही मग."

मग ते फर्डिनंडकडे वळले. "पप्पा किती वाजता येतात तुझे?"

संध्याकाळी ते कागद घेऊन स्वतः कुंपण ओलांडून गेले. मुलं मागे. प्लासिडकाका नुकतेच रिक्षातून उतरत होते.

"प्लासिड, चूक माझी. तुला उगाच बोललो. उद्याच्या गवंड्याला नको म्हणून सांगितलंय."

प्लासिडकाकांनी आलेख दिव्याखाली धरून उलटासुलटा पाहिला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण पोरांनो, महिनाभर आम्ही दोघं भांडलो, आणि मोजलं फक्त तुम्ही! शाबास!"

दुसऱ्या दिवशी शरदचंद्र सरांनी तो कागद फळ्यावर लावला. मागच्या बाकावरचं कोणीही झोपलं नाही. "यात एकही बिंदू सोयीसाठी सरकवलेला नाही," सर म्हणाले. "संपदा, ये. आजचा धडा तू शिकव. मी बसून ऐकतो."

शनिवारी केळीला पाणी द्यायची पाळी आली. दोन वाजता श्रीरंगकाका डोळे चोळत बाहेर आले, तर विहिरीपाशी प्लासिडकाका खुर्ची टाकून बसले होते, हातात घड्याळ.

"रिक्षा?" श्रीरंगकाकांनी विचारलं.

"दुपारचं भाडं कुठे मिळतं? अर्ध्या तासाने मोटर मी बंद करतो. तू आत जा," प्लासिडकाका म्हणाले, "झोप जरा."