उलट्या आट्यांचा नट

"चूक माझीच असणार," तो म्हणाला आणि हिरव्या पात्यांचा जुना टेबलफॅन त्याने आमच्या काउंटरवर अलगद ठेवला.

तैनान शहरातली भर दुपार. घामाने निथळत होता, तरी हसत होता. अशा गिऱ्हाइकावर चिडायचं तरी कसं?

"आजोबांचा पंखा आहे. पाती काढून पुसायची होती, तर मधला नटच फुटला. व्हिडिओत बघून अगदी तस्संच फिरवलं होतं हो..."

झालं! आबांना आयतंच मिळालं. पंखे दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेलेली. "ऐकलंस, रुओलान? आणखी एक मोबाइलवाला मिस्त्री! आम्हाला उस्तादाने तीन वर्षं नुसता झाडू मारायला लावला, तेव्हा कुठे पाना हातात दिला. आणि ह्यांना शिकायचंय गादीवर लोळत! तो व्हिडिओवाला भेटू दे, माझ्या दुकानाची पायरी चढू देणार नाही त्याला."

मी मान खाली घालून पंखा जवळ ओढला. कारण गेली दोन वर्षं, आबा जेवायला घरी गेले की ते व्हिडिओ मीच काढत होते! चेहरा नाही, आवाज नाही, फक्त हात. आणि आबांच्या शेजारचं हे माझं स्टूल... ते सोडून मला जगात दुसरं काही नको होतं.

"काका, त्या हातांना नावं ठेवू नका हं," तो एकदम म्हणाला. "आईचा भाताचा कुकर, शेजारच्यांचा रेडिओ, सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो. इतके हळुवार हात मी..." तो थांबला. "म्हणजे, कामात हळुवार."

"नुसते हात पाहून कान लाल?" मी म्हटलं. "चेहरा पाहिलात तर काय होईल?"

"हसा खुशाल. पण बघा तरी!"

त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. व्हिडिओत तो नट डावीकडे फिरत होता. अहो, त्याला उलटे आटे असतात, सैल करायचा तर उजवीकडे फिरवायचा, हे मला झोपेतही येतं! मग मी नीट पाहिलं... अंगठ्यावरचा भाजल्याचा व्रण डाव्या हाताला दिसत होता. माझा तर उजव्या हाताला आहे. अगं बाई! त्या दिवशी मोबाइल सेल्फीवर ठेवला होता, आणि आरशातल्यासारखं सगळं डावं-उजवं होऊन बसलं होतं.

मी उजवा हात गुपचूप खिशात घातला.

"मला वाटलं होतं, मला जमायला लागलंय," तो आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाला. "जाऊ दे. यापुढे कशाला हात लावणार नाही."

हे मात्र मला सहन होईना. मी खिशातून हात काढला आणि काउंटरवर ठेवला.

"तुम्ही बरोबरच केलंत. चूक माझी आहे. आबा... तो व्हिडिओवाला मीच."

आबांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्याचा मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"पाना मी शिकवला तसाच धरलायस," ते हळूच म्हणाले. "किती जणांनी पाहिलाय हा?"

"एकोणीस हजार."

"एकोणीस हजारांना उलटं शिकवलंस? माझ्या नावाला बट्टा!" त्यांनी खण उघडून एक जुना नट माझ्यापुढे आपटला. "नवा व्हिडिओ काढ. आत्ता. माझ्यासमोर."

"मोबाइल मी धरतो!" तो म्हणाला. "मी काइशुन."

मी पाती बसवली, नट फिरवला, आणि पहिल्यांदाच बोलून समजावलंसुद्धा. चार मिनिटांनी आम्ही तिघं त्या मोबाइलवर वाकलो.

नट कुठेच नव्हता. पंखाही नव्हता. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती मी — घामेजलेली, कपाळावर बट, हसणारी.

"ह्याला एवढा मोठा पंखा दिसला नाही?" आबा ओरडले.

"नाही, काका," काइशुन माझ्याकडे बघत म्हणाला. "खरंच नाही दिसला."

आता कान लाल व्हायची पाळी माझी होती. पण मी नजर खाली घातली नाही.

"उद्या याच वेळी ये," मी म्हटलं. "मोबाइल आबा धरतील."

"आणि मी?"

"नट तू लावायचास. माझ्या शेजारी बसून."

आबा पुटपुटत आत गेले आणि आणखी एक स्टूल घेऊन आले.