केवळाबाईचं दळण

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नळाला पाणी मात्र अजून तालुक्याचंच यायचं. त्या दुष्काळी वैशाखात, भर दुपारी, निवृत्त प्राध्यापक लिंबाजी दाराच्या फटीत चिंध्या कोंबत होते. घरात आवाज नको होता. लेकीचं, पंचशीलाचं, पाच दिवसांचं बाळ कालपासून अंगावर पीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत प्यालं नाही तर दवाखान्यात ठेवायचं, असं नर्सबाईंनी बजावलं होतं.

लिंबाजींनी पुस्तकात वाचून शांतता पाळली, बाळ घट्ट गुंडाळलं, लेकीला सुवासिक साबणाने न्हायला लावलं. आपलंच काही चुकतंय का, ही शंका तरी जाईना.

बाळंतिणीला शेकायला आलेली चांगुणा हसली. "सर, घराचं वाचनालय केलंत. लेकरू पोटात होतं तवा पंचशीला रोज केवळाबाईसंगं जात्यावर बसायची. त्याला घरघर पायजे, हालणं-डुलणं पायजे, आईचा वास पायजे. तुमी तर वासबी धुऊन टाकला."

"केवळाबाई आता कुठून आणू?"

शेजारची केवळाबाई महिन्यापूर्वीच वारली होती. 'चार बोटांनी दळते. पाचवं दुष्काळी कामावर खडी फोडताना सरकारला दिलं,' म्हणून हसायची. लेकांनी घराला कुलूप घातलं होतं.

चांगुणाने बाळाला उघडं करून पंचशीलाच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आणि ती परसात पाणी तापवायला गेली. खोलीत अंधार, वेखंडाचा वास.

आणि भिंतीपलीकडून घरघर सुरू झाली… संथ, जड.

पंचशीला आपोआप मागे-पुढे डुलू लागली. बाळाने नाक घासलं, मान उचलली, सरकत सरकत तोंड लावलं. चुटुक… चुटुक…

"बाबा… पितंय."

लिंबाजींचे डोळे भरले. मग कुलूप आठवलं. ते शेजारी गेले. कुलपावर कोळ्याचं जाळं होतं. खिडकीतून पाहिलं, तर जात्याची नुसती खालची तळी. वरचा दगड लेकांनी नेलेला. आवाज थांबला होता. गिरणी असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. वीज सकाळपासून नव्हती, हे मुद्दामच आठवलं नाही.

परतले तेव्हा बाळ पोट फुगवून झोपलं होतं.

"दवाखाना टळला. पेढे काढा, सर," चांगुणा म्हणाली.

"मावशी, तुम्ही पाठीवर हात ठेवलात, तेव्हा कुठं जमलं," पंचशीला म्हणाली.

"म्या? म्या तर चुलीपाशी होते की…"

पंचशीला वळली. निळ्या चोळीच्या पाठीवर ज्वारीच्या पिठाचा पांढरा पंजा होता. लिंबाजींनी हात लावला. पीठ अजून कोमट होतं. त्यांनी बोटं मोजली. चुकलो असेन म्हणून पुन्हा मोजली.

चार.