लाल्याची थाळी

ही गोष्ट मी बनवलेली नाही. बनवायची असती तर रात्रीची बनवली असती.

ही घडली भर दुपारी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, नाटे गावाच्या अलीकडे आमच्या वाडीत, सगुणाकाकीच्या मागील दारी. आणि काकी काही घाबरट बाई नाही. घरात साप निघाला तर आधी त्याला दोन शिव्या घालते, मग काठी शोधते.

नवरा दीपक मुंबईला नोकरीत. मूलबाळ नाही. घरात ती आणि तिचा लाल्या. म्हणायला कुत्रा, बाकी लाड सगळे पोटच्या पोरासारखे. दुपारी भात कालवला की ती जर्मनची थाळी पायरीवर आपटायची आणि हाक मारायची, "यू... यू... लाल्या..." स्वारी असेल तिथून धावत यायची. जेवून झालं की मागील दाराच्या उंबऱ्याशी, आतल्या बाजूला, ताणून द्यायची. म्हातारपणी त्याला धाप लागायची. झोपेतही घरघरायचा.

श्रावणात तो गेला. काकीने त्याला फणसाखाली पुरला. कितीतरी दिवस तिला घास गोड लागला नाही.

दिवाळीला दीर आणि जाऊ मुंबईहून आले, सहा वर्षांच्या आरोहीला घेऊन. दीपकला रजा मिळाली नव्हती, तरी घर भरलं. पाडव्याचं जेवण झालं आणि सगळे आडवे झाले. काकीने उरलेला कढीभात थाळीत घेतला, मागील दारी आली, थाळी आपटली...

"यू... यू... लाल्या..."

हाक मारून झाली आणि मग तिला आठवलं.

डोळे भरून आले. सणाचा दिवस, त्याच्या नावाने राहू दे, असं म्हणून तिने थाळी पायरीवरच ठेवली आणि आत वळली.

मागे थाळी सरकली.

पायरीच्या चिऱ्यावर... खर्र... खर्र...

वळून बघते तर थाळी रिकामी.

कावळा म्हणावा तर एक शीत सांडलं नव्हतं. काकीला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. लाल्या सणाला घरी आला, असंच तिने धरलं. कुणाला काही बोलली नाही.

भाऊबीजेला तिने पायरीवर कढीभात ठेवून मुद्दाम हाक मारली.

या वेळी ती दाराआड उभी राहून ऐकत होती. खर्र... खर्र... मग सगळं शांत. परसातल्या कोंबड्याही गप्प होत्या.

ती बाहेर आली. सकाळी सारवलेलं अंगण अजून ओलं होतं. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तिने थाळी उचलली...

कढी तळापासून निपटून घेतलेली. कडेपासून मध्यापर्यंत चार रेघा, शेजारी शेजारी.

कुत्रं थाळी चाटतं. बोटांनी निपटत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने थाळी घासून फडताळात ठेवली आणि मागील दाराला कडी घातली. दीर-जाऊ राजापूरला पाहुण्यांकडे गेले होते. घरात ती आणि आरोही. जेवून दोघी चटईवर पडल्या. पोर लगेच झोपली.

आणि बाहेरून आवाज आला...

"यू... यू..."

काकी ताडकन उठून बसली. आवाज तिचाच होता. तसाच हेल, तसाच शेवट लांबवलेला.

"यू... आरू... जेवायला ये गो..."

आरोही उठून बसली. डोळे मिटलेले. तोंड मागील दाराकडे. ओ द्यायला तिने तोंड उघडलं आणि काकीने झटकन त्यावर हात दाबला.

"बाय माझे, मी नाय हाक मारली. मी हय बसलंय तुझ्याजवळ. ओ देऊ नको."

पोर ऐकेना. एवढीशी ती, पण काकीला फरफटत दाराकडे ओढत होती.

दाराची कडी... आतली कडी... हळूहळू वर उचलली जात होती.

तेवढ्यात उंबऱ्याशी कुणीतरी गुरगुरलं.

आतल्या बाजूला.

तिथे काहीच दिसत नव्हतं. पण ती गुरगुर काकीने लाखात ओळखली असती. मधेच धाप लागून अडकणारी, म्हातारी. मग फरशीवर नखं घासली. दारावर धडक बसली.

कडी खाली पडली. बाहेर शांत झालं. आरोही काकीच्या मांडीवर कलंडली आणि पुन्हा झोपी गेली. तिला त्यातलं काहीच आठवत नाही. सुट्टी संपली, मंडळी सुखरूप मुंबईला गेली.

काकी अजून त्याच घरात राहते. थाळी पुन्हा बाहेर ठेवलेली नाही. अधूनमधून दुपारी पडली असताना उंबऱ्याशी घरघर ऐकू येते... लाल्याचीच. तिचा जीव तुटतो. एकदा त्याला नावाने हाक मारावी, कानामागे खाजवावं, असं फार वाटतं.

हाक ओठांपर्यंत येते.

पण ती ऐकायला लाल्या एकटा नाही. दाराबाहेरही कुणीतरी कान लावून बसलंय. म्हणून काकी तोंडात पदर कोंबते आणि घरघर थांबेपर्यंत तशीच पडून राहते.