खडूची खूण

आमच्या भावोजींना वाफेच्या इंजिनातलं काय कळतं? विमा कचेरीतल्या कारकुनाला कळेल तेवढंच. तरी सहा वर्षं खपून त्यांनी त्या निमुळत्या नाकाच्या, अंगभर पत्रा चढवलेल्या एक्स्प्रेस इंजिनाची हातभर लांबीची प्रतिकृती केली. निळीशार, वाफेवर धावणारी. मी तीस वर्षं असल्या इंजिनांचा फिटर होतो. तो गुळगुळीत पत्रा म्हणजे निव्वळ मिरवामिरवी. एक नट आवळायचा तर माणसाने पत्रा आणि बॉयलरमधल्या फटीत सरपटत शिरायचं!

रविवारी चारला प्रतिकृतींच्या स्पर्धेचे परीक्षक घरी येणार होते. तीन वाजता भावोजींनी मला अंगणातल्या त्यांच्या इवल्या रुळांपाशी नेलं.

"आतून टकटक येतेय हो. पिन सैल असेल. बघता जरा?"

"आज फिटर आठवला वाटतं!"

मी कान लावला. इंजिन थंडगार, चाकं जागच्या जागी. आत दोन ठोके. मग थांबून पुन्हा दोन. सैल पिनेला मध्ये थांबायची अक्कल नसते.

"उघडा हे झाकण."

"आणि रंग? अकरा हात दिलेत!"

तेव्हा झाकणाच्या कडेला पांढरी खूण दिसली. वाटोळं, आणि त्यात उभी रेघ.

"हे काय चितारलंय?"

"जुन्या फोटोत आहे तसंच. भिंगातून बघून रंगवलंय," भावोजी छाती फुगवून म्हणाले. "वर वार्निश."

मी पोट धरून हसलो. "अहो, तो खडू आहे खडू! पत्र्याआड शिरताना फिटर ही खूण काढायचा. माणूस आत आहे, आग पेटवू नका. बाहेर आला की ज्याची त्याने पुसायची. दुसऱ्याने हात लावला तर शेडमध्ये मार खायचा. तुम्ही वार्निश मारून त्याला कायमचा कोंडलात!"

भावोजींचा चेहरा पडला. परीक्षक जुने इंजिन ड्रायव्हर होते. "ते चारचौघांत हसतील हो. पुसून टाका, मेहुणे."

"नियम सांगितला ना."

"खेळण्यात कोण शिरून बसलंय?"

आतून दोन ठोके.

माझा हात थबकला. पण एका कारकुनादेखत घाबरायचं? थिनरचा बोळा घेतला आणि खूण साफ केली. आत एकदम शांत झालं.

"बघा, बसली तुमची पिन," मी म्हणालो.

चारला परीक्षक आले. भावोजींनी आग पेटवली.

पाणी तापू लागलं तसे ठोके सुरू झाले. आता मध्ये थांबणं नव्हतं.

"नवीन आहे, होतं असं," मीच परीक्षकांना सांगितलं.

इंजिन सुटलं. ठोके वाढत गेले. तिसऱ्या फेरीला, वळणावर, बारीक लांबलचक शिट्टी वाजली. संपता संपेना.

मग संपली. ठोकेही.

इंजिन लोण्यासारखं पळत राहिलं.

"पहिला नंबर!" परीक्षकांनी भावोजींचा हात दाबला. "आणि शिट्टी काय हो! अंगावर काटा आला."

ते फाटकाबाहेर गेले. भावोजी डोळे पुसत माझ्याकडे वळले.

"तुम्हाला उगाच खडूस म्हणतो मी, मेहुणे. शिट्टी बसवायची माझ्याकडून राहूनच गेली होती. कधी बसवलीत?"